लांबच्या वाटेवर थरथरणारी मोटार

ज्या रोग्याचा ताप पाळीचा असतो, त्याचे निदान करणे वैद्यास मोठे जड जाते. ताप भरतो रात्री आणि रोगी वैद्याच्या दारी जातो सकाळी. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, कपाळावर हात ठेवतो, आणि ‘यास काही झालेले नाही’ असे म्हणून सुंठीचा काढा देऊन त्याची बोळवण करतो. आमच्या घरच्या मोटारीची अवस्था काही काळ अगदी अशीच झाली होती. तिचे दुखणे काय होते, ते कसे सापडले, आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील कोणते धडे त्या कामी आले, हे आपल्या विद्यालयाच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावे असे पुष्कळ दिवस मनात होते. विद्यार्थ्यांस यात काही गणिते सापडतील. आणि ज्या पालकांच्या दारी जुनी मोटार आहे, त्यांस काही व्यवहारोपयोगी गोष्टी सापडतील, अशी उमेद आहे.

हकीकत अशी. नाताळच्या सुटीत छत्रपती संभाजीनगराहून नागपुरास जावयाचे ठरले. गाडीत माझी वृद्ध आई, पत्नी व दोन मुले होती. सावंगीजवळ आम्ही समृद्धी महामार्गास लागलो. पहिला पाऊण तास गाडी संथ पाण्यावरून होडी जावी तशी चालली. जालना मागे पडून सिंदखेडराजा जवळ येऊ लागले, तेव्हा माझ्या हातातील स्टीअरिंगच्या चाकास बारीक कंप सुटला. रस्त्याचाच काही दोष असेल, असे मी मनाशी म्हटले. परंतु दहा मिनिटांत कंप इतका वाढला की, आरशातील मागच्या गाडीची आकृती फुटून दिसू लागली. आई मागून म्हणाली, “बाळ, गाडीला हिवताप भरलाय का रे?” वेग ताशी ९५ किलोमीटर होता, तो ६० वर आणताच कंप बराच ओसरला. सिंदखेडराजाच्या फाट्यावर महामार्ग सोडून आम्ही एका चहाच्या टपरीपाशी पाऊण तास बसलो. पुन्हा निघालो, तेव्हा गाडी अगदी शहाण्या मुलासारखी! आणि तासाभराने पुन्हा तोच प्रकार. उरलेली वाट ६० च्या वेगाने, परमेश्वराचे नाव घेत काटली, व रात्री उशिरा नागपूर गाठले.

परत आल्यावर गाडी एका कारखान्यात नेली. तेथील मिस्त्री सज्जन मनुष्य होता, हे प्रथमच सांगून टाकतो. त्याने पहिल्या खेपेस चारही चाकांचे बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून दिले. आठ दिवसांनी लांबची फेरी झाली, आणि थरथर कायम! दुसऱ्या खेपेस त्याने पुढचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. तिसऱ्या खेपेस इंजिनाखालची रबरी फाउंडेशने बदलली. दर वेळी तो गाडी घेऊन गावातच दोन किलोमीटरांचा फेरा मारी, व “सर, आता गाडी मख्खन झाली” असे सांगून किल्ली हातात ठेवी. गावात गाडी मख्खनच होती! ताप भरण्याची वेळ यावयाच्या आतच वैद्याची तपासणी उरकत होती. दोष केवळ त्याचा होता असे मात्र नाही. मी त्याला सांगितले होते काय? तर ‘गाडी हलते’, एवढेच. केव्हा हलते, किती वेगाला हलते, कोठे हलते, किती वेळाने हलू लागते, यांपैकी एकही गोष्ट मी त्यास सांगितली नव्हती. वर्गात ‘निरीक्षण’ या विषयावर अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या शिक्षकास ही गोष्ट भूषणावह नाही.

आता प्रथम थरथर म्हणजे काय, ते पाहू. एखादी वस्तू ठराविक अंतराने ढकलली जात असेल तर ती थरथरते. मोटारीत असे ठराविक अंतराने ढकलणारे कोण? तर तिच्यात जे जे फिरते ते सर्व: चाके, त्यांस फिरविणारे दांडे, आणि इंजिन. या प्रत्येकाचा ताल निराळा असतो. तबला, डग्गा आणि टाळ एकाच वेळी वाजत असता ज्याचा कान तयार आहे तो ते वेगळे ओळखतो. तद्वत येथेही ताल ओळखता आला की वाजविणारा सापडतो. आणि येथे कान तयार नसला तरी चालते, कारण ताल गणिताने काढता येतो.

आमच्या गाडीच्या टायरवर १८५/६५ आर १५ अशी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ असा: टायरची रुंदी १८५ मिलिमीटर; त्याच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६५, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर; आणि आतील रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. व्यासाच्या दोन्ही टोकांस भिंत येते, म्हणून ३८१ मध्ये १२० दोनदा मिळविले की एकंदर व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर होतो. त्यास ३.१४ ने गुणिले की परीघ सुमारे १.९५ मीटर. याचा अर्थ असा की, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी दोन मीटरांस थोडी कमी इतकी पुढे जाते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदास २५ मीटर; तेव्हा त्या वेगाला चाक सेकंदास सुमारे १३ फेरे घेते. चाकात किंवा चाकाशी जोडलेल्या वस्तूत काही खोट असेल, तर ती फेऱ्यागणिक एक धक्का देईल. म्हणजे थरथर सेकंदास तेरा वेळा होईल. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या गाडीच्या टायरवरील आकडे वहीत लिहून घेऊन हे गणित स्वतः करून पाहावे.

इंजिनाचा ताल पाहा. त्याच वेगाला आमच्या गाडीचे इंजिन वरच्या गिअरात मिनिटास सुमारे २,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ४०. इंजिनास चार सिलिंडर असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदास ८०. कोठे १३ आणि कोठे ४० नि ८०! चाकाची थरथर ही खडखडणाऱ्या बैलगाडीच्या जातीची असते; इंजिनाची असते ती गुणगुणणाऱ्या भुंग्याच्या जातीची. हाताला हा भेद सहज कळतो, पण लक्ष असेल तर.

रस्त्याचाही एक ताल असतो, आणि तो पुष्कळांस फसवितो. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे. असा रस्ता ओतताना, उष्णतेने प्रसरण व थंडीने आकुंचन होऊन तो मन मानेल तेथे तडकू नये, म्हणून त्यास साधारणपणे साडेचार मीटरांवर आडवे सांधे ठेवितात. सेकंदास २५ मीटर धावणारी गाडी असे पाच-सहा सांधे ओलांडते, व ‘टप् टप् टप्’ असा नाद उठतो. हा ताल चाकाच्या तालाच्या निम्म्याहूनही कमी आहे. डांबरी रस्त्यावर गाडी आणताच तो नाहीसा होतो. गाडीचे दुखणे मात्र डांबरावरही सोबत येते. सिंदखेडराजाच्या अलीकडे मी रस्त्यास दोष दिला, तेव्हा एवढा साधा पडताळा घेण्याचे मला सुचले नाही.

इंजिन की चाके, हा निकाल करावयाची एक फार सोपी रीत आहे. ज्या वेगाला थरथर येते, तोच वेग कायम ठेवून गिअर एक पायरी खाली आणावा. असे केल्याने चाकांचे फेरे पूर्वीइतकेच राहतात, परंतु इंजिनाचे वाढतात. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांच्या बाजूचा. ती बदलली तर दोष इंजिनाच्या बाजूचा. या कामी पैसा लागत नाही, अवजार लागत नाही. मोकळा रस्ता व एक मिनिट एवढे पुरते. ही कसोटी मी आधी घेतली असती, तर इंजिनाची रबरी फाउंडेशने बदलण्याचा खर्च निश्चित वाचला असता. हल्लीच्या मोबाइलमध्ये कंप मोजणारा भाग असतो, व सेकंदास किती कंप होतात ते दाखविणारी साधनेही विनामूल्य मिळतात. शेजारी बसलेल्याने मोबाइल गाडीच्या तळाशी घट्ट टेकवून ठेविला की तेरा आहेत की चाळीस, ते दिसते. हे काम शेजारच्याचे आहे, चालविणाराचे नव्हे, हे लिहावयास नको. तरी लिहून ठेवितो.

आता असे विचारतील की, चाकात खोट असेल तर गाडी सर्वच वेगांना का थरथरत नाही? याची कारणे दोन. समजा, रिमच्या कडेवरील ३० ग्रॅमचे एक वजन निखळून पडले आहे. ३० ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. परंतु चाक फिरू लागले की असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाला हा जोर एक किलो वजनाहून किंचित कमी भरतो. ताशी ९० ला तो दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे पावणेचार किलोंच्या घरात जातो. आणि तो एका दिशेस लागत नाही. सेकंदास तेरा वेळा वर, पुढे, खाली, मागे असा फिरत राहतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वस्तुमान ०.०३ किलोग्रॅम, त्रिज्या ०.१९ मीटर व कोनीय वेग सेकंदास ८० रेडियन घेऊन हा हिशेब ताडून पाहावा.

दुसरे कारण अनुनादाचे. झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयीत हलका हात लावला तरी तो उंच जातो. लय सोडून कितीही जोराने ढकलले तरी तो अडखळतो. इंग्लंडात १८३१ साली ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून शिपायांची एक तुकडी पावलास पाऊल मिळवून चालली असता तो पूल कोसळला. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालावे असा दंडक पडला. मोटारीचे चाक आपल्या टायर व स्प्रिंगांवर असेच एका स्वाभाविक लयीत उडत असते, आणि ती लय साधारण सेकंदास १० ते १५ वेळा अशी असते. वरच्या परिघाने हिशेब केला तर चाकाचे फेरे ताशी ७० ते १०५ किलोमीटर या वेगांत नेमके त्या लयीस मिळतात. म्हणूनच ‘८० ला सुरू होते, ९५ ला फार होते आणि ११० ला कमी होते’ अशी तक्रार पुष्कळ जण करितात. गावात ताशी ४० ने चालविणारास अशी खोट वर्षभर कळत नाही, आणि महामार्गास लागताच ती बोलू लागते. काही जण यावर उपाय म्हणून वेग आणखी वाढवितात, व कंप गेला म्हणून समाधान मानतात. असे कोणी करू नये. लय सुटली म्हणून खोट गेली असे होत नाही. तिचा जोर वर्गाच्या नियमाने वाढतच असतो.

थरथर अंगाच्या कोणत्या भागास कळते, हेही पाहावे. ती हातांस, म्हणजे स्टीअरिंगास कळत असेल तर बहुधा पुढची चाके. बैठकीस व पायांखाली कळत असेल तर बहुधा मागची. ब्रेक दाबताच येत असेल, तर ब्रेकच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही असे समजावे. तेथे मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही हातास जाणवतो. चढावर जोर देताना येऊन, जोर काढताच जात असेल, तर चाकांस फिरविणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांकडे वळावे. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. अशा खुणा वाट दाखवितात, निकाल देत नाहीत.

दोन प्रसंगी मात्र विचार करीत बसू नये, थांबावे. पंक्चर काढल्यावर किंवा चाक उतरवून बसविल्यावर लगेच थरथर सुरू झाली, तर चाकाचे नट ढिले राहिले असण्याचा संभव असतो. गाडी सुरक्षित ठिकाणी उभी करून, पाना घेऊन प्रत्येक नट पाहावा. दुसरा प्रसंग टायरचा. हल्लीचा टायर नुसत्या रबराचा नसतो. १९४६ साली मिशलिन या फ्रेंच कंपनीने ज्या रेडिअल टायरचे पेटंट घेतले, त्याच्या रचनेत रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर जुना झाला, कमी हवेवर धावला, किंवा खड्ड्यात जोराने आपटला, म्हणजे हे पट्टे रबरापासून सुटू लागतात. सुटलेल्या जागी टायर फुगतो, व फुगलेली जागा फेऱ्यागणिक रस्त्यावर आपटते. धावताना टायर तापतो, तसतसे सुटणे वाढते. म्हणून ही थरथरही लांबच्या वाटेवरच वाढत जाते. हिची खूण अशी की, ती पुष्कळदा ताशी २०–३० या मंद वेगालाही डुलल्यासारखी जाणवते. गाडी उभी असता टायरच्या सपाटीवरून व भिंतीवरून तळहात फिरवावा. तुटलेल्या तारेने हात कापू शकतो, सबब जाड फडके घ्यावे. कोठे उंचवटा लागला, तर त्या टायरवर पुढे एक किलोमीटरही जाऊ नये, स्टेपनी चढवावी. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर तरुण आहे असे नाही. पालकांनी आज घरी गेल्यावर हे आकडे अवश्य वाचावेत. स्टेपनीचेही वाचावेत, कारण ती डिकीत पडल्या पडल्याच म्हातारी होते.

आता पुन्हा आमच्या रोग्याकडे वळू. तीन वेळा खर्च होऊनही गुण नाही, अशा स्थितीत मी नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा शिकवीत होतो. कंपसंख्या समजावून देताना मी थरथरणाऱ्या गाडीची हकीकत सांगितली. शेवटच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मालमोटार चालवितात. तो म्हणाला, “सर, गाडी थांबवल्यावर चाकांना हात लावून बघितलात का? बाबा प्रत्येक ढाब्यावर उतरले की आधी सगळ्या चाकांना हात लावतात. मगच चहा.” वर्ग हसला. मी हसलो नाही. सिंदखेडराजाला मी पाऊण तास बसलो होतो, आणि माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या चार चाकांपैकी एकाकडेही गेलो नव्हतो.

पुढच्या शनिवारी एका सहकाऱ्यास बरोबर घेऊन मी मुद्दाम त्याच महामार्गाने निघालो. इतर कोणास घेतले नाही. जालना ओलांडल्यावर कंप आला, तसा वेग उतरवून, शक्यतो ब्रेक न दाबता, पुढच्या फाट्याने बाहेर पडून गाडी उभी केली. २०२० सालच्या साथीत विद्यालयाने घेतलेला दुरून ताप मोजणारा थर्मामीटर मी मोठ्या हौसेने आणला होता. परंतु तो माणसांच्या तापाकरिता केलेला, त्याने चाकासमोर धरताच हात टेकले. तेव्हा स्वतःचाच हात उपयोगात आणिला. चाकास स्पर्श न करिता हाताची पाठ वीतभर दूर धरावी, एवढे पुरते. उजवे पुढचे चाक कोमट होते, मागची दोन्ही थंडच म्हणावीत अशी. डाव्या पुढच्या चाकापाशी हात नेला तो भाकरीच्या तव्यावर धरल्यासारखा झाला, आणि जळकट वासही आला. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार अधिक असतो, म्हणून ती मागच्यांपेक्षा नेहमीच काहीशी अधिक तापतात. तुलना करावयाची ती डाव्याची उजव्याशी.

तेव्हा एक गोष्ट आठवली आणि मला स्वतःची लाज वाटली. दर रविवारी चर्चला जाण्यापूर्वी मी गाडी पुसतो. कित्येक महिने त्याच डाव्या रिमवर दुसऱ्यांच्या मानाने पुष्कळच काळी भुकटी साचत असे. मी ती दर आठवड्यास फडक्याने स्वच्छ पुसून काढीत होतो, आणि एकाच चाकावर ती का, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही.

कारण पुढे कारखान्यात उघडकीस आले. पुढच्या चाकात डिस्क असते, व तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारा कॅलिपर असतो. हा चिमटा दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो. ब्रेक सोडला की त्याने सरकून दोन्ही बाजूंची पकड सैल करावयाची असते. आमच्या गाडीत पिनांवरील रबरी टोपी फाटून आत पाणी व धूळ शिरली होती, ग्रीस सुकले होते व गंज चढला होता. त्यामुळे एका बाजूचा पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासतच राही. घर्षणाने किती उष्णता निघते, त्याचा हिशेब पाहा. चाकाच्या कडेशी मोजले असता केवळ १० किलो वजनाइतकी, म्हणजे सुमारे १०० न्यूटन ओढ आहे असे धरू. सेकंदास २५ मीटर वेगाला काम होते सेकंदास २,५०० ज्यूल, म्हणजे अडीच हजार वॅट. स्नानाचे पाणी तापविणाऱ्या विजेच्या बंबाहून अधिक तापट अशी ही शेगडी त्या एका चाकात तासभर पेटलेली होती! डिस्क तापून किंचित वेडीवाकडी होई, फिरताना पॅडला कोठे अधिक घासे, कोठे कमी. फेऱ्यागणिक एक झटका, सेकंदास तेरा. पाऊण तास थांबलो की ती निवून पुन्हा सरळ होई, आणि दुखणे पळून जाई.

बॅलन्सिंगने गुण का आला नाही, हेही यावरून स्पष्ट होते. त्या यंत्रावर चाक गाडीतून काढून चढवितात. खोट होती ती गाडीवरच राहिलेल्या भागात. आणि यंत्रावर चढलेले चाक होते थंड व निर्दोष. मिस्त्रीने यंत्राचा आकडा दाखवून शपथेवर सांगितले होते की चाक बरोबर आहे, आणि ते अक्षरशः खरे होते.

हे केवळ कंपाचे व पेट्रोलच्या नासाडीचे दुखणे नव्हते. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ या जातीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डिस्कची उष्णता कॅलिपरातून या द्रवापर्यंत जाऊन तो उकळू लागला, तर त्यात वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचा पायटा काही न धरता तळास जातो. नागपूरच्या त्या प्रवासात वाट बव्हंशी सपाट होती. तीच मंडळी घेऊन मी त्या अवस्थेत एखादा घाट उतरत असतो तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळ रात्री केला आहे. वेग कमी केला म्हणजे आपण सुरक्षित झालो, हा माझा त्या दिवशीचा समज चुकीचा होता. गाडी सिंदखेडराजालाच ठेवून, आईला व मुलांना बसने न्यावयास हवे होते.

दुरुस्ती म्हणाल तर क्षुल्लक. पिना साफ केल्या, ब्रेकसाठीच मिळणारे उष्णता सोसणारे ग्रीस लाविले (साधे ग्रीस रबर फुगविते, ते लावू देऊ नये), रबरी टोप्या नव्या घातल्या, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, व ब्रेकचा द्रवही नवा भरला. डिस्क मोजून पाहिली, ती मर्यादेत होती. पूर्वीच्या तीन खेपांत जे गेले, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही खर्च आला नाही. या वेळी मिस्त्रीकडे जाताना मी एक चिठ्ठी लिहून नेली होती: ‘ताशी ९० ते १००. सुमारे एक तासाने. हातांस जाणवते, बैठकीस नाही. गिअर बदलून फरक नाही. पाऊण तास थांबल्यास जाते. पुढचे डावे चाक तापते, वास येतो.’ त्याने ती दोनदा वाचली, आणि जॅक घेण्यापूर्वीच म्हणाला, “सर, कॅलिपर जाम आहे. हे आधी का नाही सांगितलंत?”

उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा नागपुरास गेलो. मेहकरच्या फाट्यावर उतरलो, तेव्हा माझ्याआधी माझा धाकटा मुलगा चाकांभोवती फिरला. डाव्या-उजव्या चाकांसमोर त्याने पाळीपाळीने हाताची पाठ धरिली. आईने खिडकीतून विचारले, “काय रे, आहे का ताप?” तो म्हणाला, “नाही आजी, दोन्हीकडे सारखंच कोमट.” मग आम्ही चहा घेतला.